आजोबांचं पिस्तूल: मुद्दा गंजाचा नाही

आजोबा वारल्यावर घरात राहिलेल्या त्यांच्या परवान्याच्या पिस्तुलाचं काय करायचं, यावर 'गंजलंय, उडत नाही, मग ट्रंकेत राहू दे की' असा सल्ला कुणी दिला तर तो मनावर घेऊ नका. परवानाधारक गेला की ते आधी पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावं लागतं. जमा केलं म्हणजे सरकारजमा झालं, असं नव्हे. २०१६ च्या शस्त्र नियमांत वारसाला परवाना मागता येतो; कोल्हापुरात अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे.

आमच्याकडे खरं घोडं अडलं ते बाकीच्या वारसांच्या ना-हरकतीवर. सातबाऱ्यावरून कधी न भांडलेल्या आत्या या लोखंडाच्या तुकड्यावरून रुसल्या! आणि पिस्तुलाच्या नळीचा बोअर, म्हणजे आतला व्यास, आधी बघा. नऊ एमएम असेल तर ते प्रतिबंधित बोअरमध्ये येतं, मग निर्णय दिल्लीत, केंद्रीय गृहखात्याकडे.