अनुभव धागा : जुनी गाडी घरी आणली, धुतली, आणि मग दिसलं...

जुन्या गाडीला ओरखडे असणारच, त्याबद्दल कोणी भांडत नाही. भांडण सुरू होतं ते गाडी घरी आल्यावर सकाळच्या उन्हात दिसणाऱ्या गोष्टींवरून. एका दाराचा रंग इतरांपेक्षा किंचित पिवळट. हेडलॅम्पचा कान (तो जिथे बसवतात ती पट्टी) तुटलेला आणि एम-सीलने चिकटवलेला. बंपर आतून तारेने बांधलेला. दोन हजारांपासून पंचवीस-तीस हजारांपर्यंतची ही कामं. विकणारा म्हणतो, "जशी आहे तशी घेतली ना तुम्ही?" आणि घेणारा मेकॅनिकचं बिल भरून गप्प बसतो.

नागपूर आणि आसपासच्या मंडळींनी आपले अनुभव इथे लिहावेत. गाडी कुणाकडून घेतली (डीलर, ऑनलाइन कंपनी, दलाल की थेट मालक), काय निघालं, काय मागितलं, काय मिळालं. दुकानांची आणि माणसांची नावं नकोत. कायद्याची पक्की माहिती असेल तर जरूर द्या, "माझ्या मित्राच्या साडूने सांगितलं" या धर्तीचं मात्र नको.

मानेवाडावाली

सुरुवात मी करते. शहरातल्याच एका डीलरकडून पाच वर्षांची हॅचबॅक घेतली, चार लाखांच्या आत. व्हॉट्सॲपवर त्याने स्वतः लिहिलं होतं : "सिंगल ओनर, नॉन-ॲक्सिडेंटल, ओरिजिनल पेंट." महिनाभरात डाव्या चाकावरच्या फेंडरला फुगवटा आला. आमच्या ओळखीच्या डेंटरकडे नेली. त्याने बॉनेट उघडलं आणि फेंडरच्या बोल्टवर टॉर्च मारला. बोल्टच्या डोक्यावरचा रंग कोपऱ्यांवर उडालेला होता, म्हणजे त्यावर पाना फिरलेला. शेजारचा, बॅटरीकडचा बोल्ट कंपनीतून आला तसा गुळगुळीत. मग त्याने दाराची रबरी बीडिंग नखाने ओढून दाखवली, आत रंगाची धार जमलेली. एवढं बघितल्यावर मला फुगवट्याचं फारसं वाटलं नाही, "ओरिजिनल पेंट" या दोन शब्दांचं वाटलं.

डीलर फोनवर हसला. मी फोन बंद केले आणि सगळं लेखी सुरू केलं. फोटो, डेंटरचं लेटरहेडवरचं सहीचं पत्र, आणि त्याचाच मेसेज त्यालाच परत पाठवला. उत्तर आलं नाही तेव्हा १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. हेल्पलाइन निकाल देत नाही, समोरच्याला विचारणा करते, एवढंच. पण त्या विचारणेनंतर दुकानातून "ताई, बसून बोलू" असा फोन आला. पेंटचा निम्मा खर्च मिळाला. पूर्ण मिळायला हवा होता असं मला अजूनही वाटतं.

एमएच_४९

माझं उलटं. थेट मालकाकडून घेतली, गृहस्थ एकदम सज्जन, चहा-पोहे झाले. जानेवारीत घेतली, तेव्हा एसी कोण लावून बघतो? एप्रिलमध्ये पारा ४३ वर गेला आणि एसी गरम हवा फेकायला लागला. कंडेन्सर गळत होता, आणि मेकॅनिकच्या मते तो गळका भाग आधी एकदा चिकटवलेला होता. मालक म्हणाले, "माझ्याकडे होती तोवर चालू होता."

ग्राहक आयोगाचं विचारलं तर कळलं की घरगुती माणसाने स्वतःची गाडी एकदा विकली म्हणून तो व्यापारी ठरत नाही, त्यामुळे तिथे दाद लागणं कठीण. दिवाणी कोर्टाचा रस्ता आहे, पण कंडेन्सरपायी कोण जाणार? सोडून दिलं. एक सांगतो, नागपुरात गाडी थंडीत घ्यायची असेल तरी दुपारी काचा बंद करून, इंजिन आणि एसी चालू ठेवून वीस मिनिटं उन्हात उभी करा. सकाळी सातला एसी कुठल्याही गाडीचा चालतो.

धरमपेठचे_काका

वरच्या अनुभवाला जोडून थोडं. (तीस वर्षं कोर्टात काढली आहेत, सवय जात नाही.)

थेट मालकाकडून घेतलं की १८७२चा करार कायदा आणि १९३०चा मालविक्री कायदा लागू होतो. मालविक्री कायद्याच्या कलम १६चा कल खरेदीदाराने बघून घ्यावं असा आहे. तुम्ही माल तपासला असेल आणि त्या तपासणीत दिसायलाच हवा होता असा दोष असेल, तर नंतर तक्रार चालत नाही. म्हणजे दारावरच्या ओरखड्याची तक्रार गेली. बोल्टवरचा पान्याचा व्रण मात्र सामान्य माणसाच्या तपासणीत दिसणारा नाही, तिथे जागा आहे.

करार कायद्याच्या कलम १७मध्ये घोड्याची उदाहरणं आहेत, ती गाडीला अगदी चपखल बसतात. लिलावात एकाने अधू घोडा विकला आणि काहीच बोलला नाही, तर नुसतं गप्प बसणं ही फसवणूक नाही. पण खरेदीदाराने म्हटलं, "तू नाकारलं नाहीस तर घोडा धडधाकट आहे असं मी धरून चालतो," आणि विकणारा गप्प राहिला, तर ते गप्प बसणं बोलण्यासारखंच मानलं जातं. टोकन देण्याआधी एक मेसेज टाका : "गाडीचा अपघात झालेला नाही, पाण्यात गेलेली नाही, कुठलाही पत्रा बदललेला नाही असं धरून मी बयाणा देतोय. तसं नसेल तर आत्ताच सांगा." या एका मेसेजने तुमची बाजू पुष्कळ भक्कम होते.

दोष कळला की वाट बघत बसू नका. गाडी वापरत राहिलात आणि बरेच दिवस काही कळवलं नाहीत, तर तुम्ही माल स्वीकारला असं धरलं जातं. मग गाडी परत करण्याची भाषा संपते, उरते फक्त भरपाई.

फुटाळा_फॅन

काका, घोडा आवडला.

डेंटर_पोट्टा

भाऊ, मी चौदा वर्षांपासून हेच काम करून राहिलो, म्हणून बोलतो. तुम्ही लोक बंपरच्या मागे लागता. बंपर म्हणजे प्लॅस्टिक, आमच्या ट्रॅफिकमध्ये तो बनियनसारखा बदलावा लागते. फेंडर, बॉनेट, दारं हे बोल्टावर बसते, बदललं तं बदललं. पाहायचं असन तं पिलर (छताले धरणारे खांब) पाहा, हेडलाइटच्या मागचा आतला पत्रा म्हणजे अ‍ॅप्रन पाहा, डिक्कीतलं कार्पेट उचलून स्टेपनीचा खड्डा पाहा. कंपनीच्या स्पॉट वेल्डिंगचे गोल टिपके एका ओळीत, सारख्या अंतरावर असतेत. आमच्या हातचं वेल्डिंग तसं नसते, कितीही सफाईनं केलं तरी. अन सीलंट कंपनीत मशीन मारते, गॅरेजात बोटानं लावतेत, त्याची लाट दिसते.

लांबी (पुट्टी) भरलेल्या जागी बोटानं टकटक केली की आवाज ठस्स येते. रंगाची जाडी मायक्रॉनमध्ये मोजायचं मशीन असन तं कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० दाखवते, दुसरा हात मारला की २०० च्या वर, लांबी असन तं आकडा कुठल्या कुठं जाते.

आणखी एक. डीलरच्या दुकानात संध्याकाळी लायटीत गाडी पाहू नका. आम्हीच थे पॉलिश करून देतो, आमाले मालूम हाय.

अंबाझरी_लेआउट

माझा अनुभव "किरकोळ" मध्ये बसतो का ते तुम्हीच ठरवा. २३ सप्टेंबर २०२३ची पहाट नागपूरकर विसरणार नाहीत. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी वस्त्यांमध्ये शिरलं, आमच्या गल्लीत उभ्या गाड्यांच्या सीटपर्यंत पाणी होतं. त्यातल्या पुष्कळ गाड्या पुढे दुरुस्त होऊन विकल्या गेल्या. विकण्यात गैर काही नाही, सांगून विकल्या तर.

माझ्या भावाने दुसऱ्या वर्षी बाजारातून एक सेडान घेतली. तक्रार एवढीच की पावसाळ्यात मागची काच मधूनच खाली जायची नाही. इलेक्ट्रिशियनने सीट काढली. सीट सरकते त्या लोखंडी पट्ट्यांखाली वाळलेल्या गाळाचा बारीक थर, सीटच्या बोल्टांना गंज. मी सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढून बघितला (हे आमच्या गल्लीतच शिकलो), खालच्या एका वितीवर मळकट पाण्याची रेघ होती. वरचा पट्टा स्वच्छ धुतलेला. जो भाग कायम गुंडाळीत असतो तो धुवायचं कोणाला सुचत नाही.

गाडी डीलरकडून घेतली होती म्हणून त्याला नोटीस पाठवली. त्याने गाडी परत घेतली, हस्तांतराचा खर्च कापून. भावाने वाद वाढवला नाही.

विकणारी_बाजू

मी विकणारी. सगळे विकणारे चोर नसतात, म्हणून लिहिते. गाडी द्यायच्या दिवशी मी साध्या कागदावर यादी केली : मागच्या बंपरला तडा, क्लच जड, डावा आरसा बदललेला, २०२१मध्ये विम्यातून उजवं दार रंगवलं. खाली दोघांच्या सह्या, दोघांकडे फोटो. पुढे त्या दादांचा फोन आला, "क्लच गेला हो." मी फोटो पाठवला. विषय संपला, आणि गंमत म्हणजे संबंधही चांगले राहिले.

मला मनस्ताप झाला तो वेगळाच. त्यांनी गाडी नावावर करून घ्यायला चालढकल केली आणि ई-चलान माझ्या मोबाइलवर. हस्तांतराच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या देऊन विकणारा मोकळा होत नाही. आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तोच मालक, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये अपघाताच्या भरपाईच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलंय. आता डीलरला गाडी दिली तर अधिकृत डीलरकडे ताबा दिल्याची फॉर्म २९सी ने ऑनलाइन नोंद करता येते. दोन्ही बाजूंनी हे सोडू नये.

मिहानवाला

ऑनलाइन कंपनीकडून घेतली. त्यांचा तपासणी अहवाल म्हणजे पानंच्या पानं. त्यात "मागचा डावा दरवाजा : ओके" असं होतं आणि दारावर दुसरा हात मारलेला. ग्राहक सेवेतली मुलगी रोज नवीन, रोज पहिल्यापासून सांगायचं. शेवटी अहवालाचं ते पान, मायक्रॉन रीडिंगचा फोटो आणि "तुमचाच अहवाल चुकीचा आहे" एवढं एका ईमेलमध्ये टाकलं. परत करायच्या मुदतीत होतो म्हणून ऐकलं. त्यांनी गाडी परत घ्यायची तयारी दाखवली, मी पेंटचे पैसे मागितले, बरीच घासाघीस होऊन सर्व्हिस कूपन मिळालं. कूपनवर मी समाधानी नाही, पण गाडी चांगली आहे.

जरीपटका_जंक्शन

विमा पॉलिसी नीट वाचा हो कोणी! पाच-सहा वर्षांची एकाच मालकाची गाडी आणि नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) शून्य, म्हणजे बहुतेक मागच्या वर्षी क्लेम झालाय. दरवर्षी क्लेम नसेल तर तो २०, २५, ३५, ४५, ५० टक्के असा चढत जातो. माझ्या बाबतीत विकणारा "एक ओरखडा नाही" म्हणत होता, बोनस शून्य. विचारल्यावर चेहरा पडला, किंमत वीस हजारांनी उतरली. आणि गाडी घेतल्यावर १४ दिवसांत विमा आपल्या नावावर करायला अर्ज टाका.

सक्करदरा_चौक

आयोगापर्यंत गेलेला इथे मीच दिसतोय, तर सविस्तर.

डीलर, लेखी आश्वासन "मीटर खरा, अपघात नाही". निघालं काय? पुढचा क्रॉस मेंबर (सांगाड्याचा आडवा भाग) सरळ केलेला. धावायला गाडी ठीक, टायर मात्र एका बाजूने झिजत होते. डीलरने हात वर केले, कारण डिलिव्हरी नोटवर "जशी आहे तशी, तक्रार चालणार नाही" यावर माझी सही. सही आहे म्हणून खोटं बोलायची मुभा मिळत नाही, हा मुद्दा मी धरून ठेवला. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दोष आणि अनुचित व्यापारी प्रथा या दोन्हींवर तक्रार करता येते, बिल न देणं हीसुद्धा अनुचित प्रथाच.

व्यवहाराचं : गाडीसाठी दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. ५ लाखांपर्यंत फी नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये. मुदत दोन वर्षं. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, डीलर पुण्याचा असला तरी. वकील सक्तीचा नाही. ऑनलाइनसाठी १ जानेवारी २०२५पासून ई-जागृती पोर्टल आहे.

कायद्यात तीन महिन्यांत, तांत्रिक तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकालाचा प्रयत्न करावा असं म्हटलंय. माझ्या तारखा त्याच्या पुष्कळ पुढे गेल्या. अखेर मध्यस्थीत बसवलं. तिथे डीलरचा वकील म्हणाला, "किरकोळ दुरुस्ती होती." मध्यस्थांनी विचारलं, "किरकोळ होती तर सांगितली का नाही?" त्यानंतर आकड्यावरच बोलणं झालं. दुरुस्ती, टायर आणि थोडे वरचे पैसे मिळाले. मानसिक त्रासाची भरपाई मागितली होती, ती सोडली.

एमएच_४९

सक्करदरा भाऊ, अभिनंदन. पण दोन-तीन हजारांच्या कामाला एवढं करायचं का? हेडलॅम्पचा कान तुटला म्हणून आयोग?

सक्करदरा_चौक

नाही करायचं. दोन-तीन हजारांसाठी एक लेखी मेसेज आणि १९१५, पुढे नाही. फरक पैशाचा आहेच, पण मी आधी बघतो की ते काम त्याने लपवलं होतं की त्यालाच माहीत नव्हतं. हेडलॅम्पचा कान त्याला माहीत नसू शकतो. एम-सील लावणाऱ्याला माहीत होतं.

कोराडी_रोड

दलालाकडून घेतलीय, मालक वेगळा, कमिशन दलालाने घेतलं, पावती नाही. स्टीअरिंग उजवीकडे ओढतंय. कोणाला धरू?

धरमपेठचे_काका

कमिशन घेतलं म्हणजे त्याने सेवा दिली, त्या सेवेतल्या त्रुटीबद्दल त्याच्याविरुद्ध तक्रार करता येते. पावती नाही म्हणता, मग यूपीआयने दिलंत की रोख? यूपीआय असेल तर त्या नोंदीचा स्क्रीनशॉट, त्याच्याशी झालेले सगळे मेसेज आणि त्याने टाकलेली जाहिरात आज रात्रीच सेव्ह करा, जाहिराती लवकर उतरतात. उद्या अलाइनमेंटवाल्याकडे नेऊन छापील रिपोर्ट घ्या. नुसती अलाइनमेंट असेल तर काही शे रुपयांत काम होईल आणि भांडण वाचेल. सस्पेन्शन वाकलेलं निघालं तर इथे लिहा, नोटीसचा मसुदा देतो.