एक्सपल्सला रॅकशिवाय सॅडलबॅग आणि वेल्हे-केळद भागातले कच्चे रस्ते: मदत हवी आहे

हीरोची एक्सपल्स २०० बाईक, दिवाळीनंतर दोन दिवसांची फेरी पुणे जिल्ह्यातल्या वेल्हे-केळद भागात, सामान १० ते १२ किलो. बाजूंना लावायचे पत्र्याचे डबे नकोत. घसरताना पाय टेकला की पोटरी डब्याखाली अडकते. सगळं सीटमागच्या टेलबॅगेत भरलं तर वजन मागच्या चाकाच्याही मागे जातं नि चढावर पुढचं चाक हलकं पडतं. म्हणून दोन्ही बाजूंना लोंबणारी मऊ सॅडलबॅग घ्यायचीय. अडचण उजवीकडच्या उंच सायलेन्सरची: खड्ड्यात बॅग हलली की त्याला टेकून वितळते. हीट शील्ड (उष्णता अडवणारं आवरण) पुरते, की छोटा लोखंडी आधार वेल्ड करावाच लागतो?

दुसरं, वेल्ह्याहून केळदपर्यंत गाडीरस्ता आहे. मढे घाट पायवाटेचा, तो सोडला. त्या परिसरात वनखात्याची हद्द टाळून, पडलेली गाडी एकट्याने उचलता येईल असे कच्चे रस्ते कोणते?