शब्दचर्चा : धर्म, पंथ, संप्रदाय आणि ‘रिलिजन’

(तळटीप, वेलांटी, मुळाक्षर, खोडरबर आणि उंबरा ही चर्चेत भाग घेणाऱ्यांची टोपणनावं.)

तळटीप :
‘पौर्वात्य आणि पाश्चात्त्य धर्मांचं समाजातलं स्थान’ या विषयावरचा एक लांबलचक इंग्रजी लेख मराठीत आणायचं काम चालू आहे. पहिल्या खर्ड्यात ‘रिलिजन’ला सरसकट धर्म, ‘सेक्ट’ला पंथ, ‘चर्च’ला चर्च, ‘सेक्युलर’ला निधर्मी असं लावून टाकलंय. त्यातून निघालेली वाक्यं पाहा :

१. बहुसंख्य जपानी लोकांना धर्म नाही.
२. युरोपात चर्च राज्यापासून वेगळे झाले.
३. वारकरी हा हिंदू धर्मातून फुटलेला पंथ आहे.
४. फ्रान्स हे निधर्मी राज्य आहे.

व्याकरणात चूक नाही, पण वाचताना दाताखाली खडे येतात. कुठे काय बदलावं?

वेलांटी :
आधी मुळालाच हात घालू. मराठीत ‘धर्म’ या शब्दाकडून आपण बरीच कामं करून घेतो. शेजारधर्म, राजधर्म यांत तो कर्तव्य आहे, गुणधर्मात स्वभाव आहे, दानधर्म, धर्मशाळा, धर्मार्थ दवाखाना यांत दान आहे. ‘धर्म करता कर्म उभं राहतं’ या म्हणीतला धर्म म्हणजे निव्वळ उपकार. ‘हिंदू धर्म, ख्रिस्ती धर्म, इस्लाम धर्म’ ही रांग या सगळ्यांच्या शेजारी बसते, त्यांच्या डोक्यावर नाही.

दानाचा अर्थ जुनाट झालेला नाही. धर्मादाय आयुक्त हे सरकारी पदच आहे. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली देवस्थानाचा ट्रस्ट आणि शाळेचा ट्रस्ट एकाच कार्यालयात नोंदवला जातो. धर्मादाय रुग्णालयाला १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. या दोन्ही ठिकाणी ‘धर्मादाय’मधल्या ‘धर्मा’चा ‘रिलिजन’शी संबंध शून्य.

म्हणून दोन प्रश्न विचारायचे. त्या शब्दाचं अनेकवचन होतं का? आणि एक सोडून दुसरा घेता येतो का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तरच ‘रिलिजन’साठी ‘धर्म’ बिनधोक. धर्मांतर होतं, शेजारधर्मांतर होत नाही.

मुळाक्षर :
‘रिलिजन’ही मुळात एवढा सरळ नाही. लॅटिन ‘रेलिगिओ’ची व्युत्पत्ती रोमन लेखक सिसेरो ‘पुन्हापुन्हा लक्षपूर्वक पाहणे’ या क्रियापदापासून लावतो, म्हणजे विधी काटेकोर करणं. चौथ्या शतकातला ख्रिस्ती लेखक लॅक्टॅन्शियस ती ‘बांधणे’पासून लावतो, म्हणजे देव आणि माणूस यांतलं बंधन. ख्रिस्ती युरोपात हा दुसरा अर्थ मुरला आणि पुढे कायद्यातही उतरला. १८९० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘रिलिजन’ची व्याख्या करताना माणूस आणि त्याचा निर्माता यांच्या नात्यावर बोट ठेवलं.

ती व्याख्या आपल्याकडे १९५४ च्या शिरूर मठ खटल्यात समोर आली. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ती जशीच्या तशी घ्यायचं नाकारलं, कारण बौद्ध आणि जैन निर्माता ईश्वर मानत नाहीत, मग ते धर्मच नाहीत असं म्हणावं लागेल. शिवाय धर्म म्हणजे फक्त मतं नव्हेत, पूजाविधी, आहार, वेश यांचे नियमही त्यात येतात असं न्यायालयाने नोंदवलं. तुमच्या लेखात पूर्व-पश्चिम तुलना आहे ना? मग हा एक खटला पानभर सैद्धांतिक चर्चेपेक्षा जास्त कामाचा.

जाता जाता : ‘नास्तिक’ हा शब्दही याच सापळ्यातला. मनुस्मृतीत नास्तिक म्हणजे वेदनिंदक. ईश्वर न मानणारे सांख्य आणि मीमांसक परंपरेने आस्तिकच. म्हणून ‘एथीस्ट’साठी आजच्या मजकुरात नास्तिक चालेल, पण प्राचीन दर्शनांबद्दलच्या परिच्छेदात ‘निरीश्वरवादी’च लिहा.

तळटीप :
घेतलं. वाक्य ३ चं काय? ‘पंथ’ काढून ‘संप्रदाय’ केलं की भागेल?

खोडरबर :
शब्द बदलून भागणार नाही, ‘फुटलेला’ हे क्रियापद काढा. समाजशास्त्रातली चर्च आणि सेक्ट ही जोडी वेबर आणि ट्रॉल्च या जर्मन अभ्यासकांची. चर्चमध्ये माणूस जन्मतो, सेक्टमध्ये स्वतःच्या निर्णयाने जातो, आणि जाताना बहुधा मूळ चर्च सोडतो. ट्रॉल्चपुढे उदाहरणं होती ती ख्रिस्ती युरोपातली.

वारकरी काय सोडतो? तुळशीची माळ घालून घेतो, मांसाहार आणि मद्य सोडतो, एकादशी धरतो, आषाढी-कार्तिकीपैकी निदान एक वारी करतो. पण घरचं कुलदैवत, खंडोबाची तळी, लग्नातला गोंधळ, श्राद्धपक्ष चालूच असतं. जात तर सुटत नाहीच. एकाच घरात नवरा माळकरी आणि बायको नाही, असंही सर्रास दिसतं. यात फुटणं कुठे आलं? ‘संप्रदाय’ म्हणजे गुरूकडून शिष्याकडे नीट सोपवलेलं, आणि वारकऱ्यांना तोच शब्द बसतो.

आता महानुभाव घ्या. स्वतंत्र उपदेशविधी, संन्याशांची वेगळी व्यवस्था, पंचकृष्णांखेरीज (पंथ मानतो त्या पाच अवतारांखेरीज) इतर दैवतांची उपासना वर्ज्य, आणि ग्रंथ शतकानुशतकं सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत राखलेले. ट्रॉल्चच्या ‘सेक्ट’शी हे बरंच जुळतं, आणि मराठीही त्यांना ‘महानुभाव पंथ’च म्हणते.

वेलांटी :
इतकी स्वच्छ रेघ मराठीने कधी मारलेली नाही. ‘वारकरी पंथ’ही छापलं जातं, नाथांचं तर ‘नाथपंथ’ आणि ‘नाथ संप्रदाय’ दोन्ही. वापरात हे शब्द एकमेकांत मिसळलेले आहेत. खोडरबर यांचा भेद तुमच्या लेखापुरता पारिभाषिक म्हणून ठरवून घ्या, पहिल्या पानावर सांगा, आणि मग शेवटपर्यंत पाळा. ‘मराठीत असंच म्हणतात’ असा दावा मात्र नको.

खोडरबर :
मान्य, पारिभाषिक म्हणूनच. कायद्यातलं ‘रिलिजस डिनॉमिनेशन’ आलं तर ‘धार्मिक संप्रदाय’ ठेवा. तिथे तीन कसोट्या आहेत : समान श्रद्धा, समान संघटना, वेगळं नाव. राज्यघटनेच्या अनुच्छेद २६ खाली स्वतःचा कारभार पाहण्याचा हक्क त्यावर ठरतो. पुदुच्चेरीजवळच्या ऑरोव्हिल वसाहतीच्या खटल्यात बहुमताने श्रीअरविंदांची शिकवण त्या कसोट्यांत बसत नाही असं ठरवलं, आणि सरकारला व्यवस्थापन हाती घेणारा कायदा टिकवता आला.

उंबरा :
वाक्य २ वर : ‘चर्च’चे मराठीत चार तुकडे करावे लागतात. इमारत असेल तर चर्च (वसईत जुनी मंडळी ‘देऊळ’ म्हणतात, गोव्यात ‘इगर्ज’). जमलेला किंवा नोंदलेला समुदाय असेल तर ‘मंडळी’, मराठी बायबलने हाच शब्द रूढ केला. अँग्लिकन, लुथरन अशी संघटना असेल तर ‘चर्चसंस्था’. राज्यसत्तेसमोर उभी असलेली सत्ता असेल तर ‘धर्मसत्ता’ किंवा ‘धर्मपीठ’. तुमचं वाक्य ‘युरोपात चर्चसंस्था आणि राज्यसंस्था यांची फारकत झाली’ असं होईल. तेही सगळ्या युरोपाबद्दल खरं नाही : इंग्लंडचा राजा आजही चर्च ऑफ इंग्लंडचा प्रमुख आहे आणि २६ बिशप लॉर्ड्सच्या सभागृहात बसतात.

तुलनेत गडबड होते ती ‘चर्च’च्या जागी ‘मंदिर’ बसवल्यावर. पॅरिश चर्च, म्हणजे त्या त्या वस्तीचं चर्च, बाप्तिस्मा, लग्न, दफन यांची वही ठेवतं, आणि त्या वहीत नाव असलेला माणूस त्या मंडळीचा. विठोबाच्या देवळात भक्तांची अशी सभासद-यादी नाही. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांकडच्या वह्या कुळ आणि गाव लावून ठेवलेल्या असतात. त्यातून वंश सापडतो, सभासदत्व नाही.

देवळाच्या कारभाराची भाषाही वेगळी आहे. पंढरपुरात विठ्ठलाकडे बडवे आणि रुक्मिणीकडे उत्पात यांचे वंशपरंपरागत हक्क होते. १९७३ च्या पंढरपूर मंदिरे अधिनियमाने ते रद्द केले आणि कोर्टबाजी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात संपली. हे ‘राज्य आणि चर्च यांची फारकत’ नव्हे, जवळजवळ उलटं आहे : राज्याने देवस्थानाचा कारभार हाती घेतला. म्हणून या बाजूला संस्थान, देवस्थान, मठ, समिती हेच शब्द हवेत. ‘हिंदू चर्च’ छापाची ‘हिंदू धर्मसंस्था’ अशी एकवचनी गोष्ट लेखात आली तर तिथे लाल पेन चालवा.

मुळाक्षर :
वाक्य ४. ‘निधर्मी’ माणूस असतो, राज्याला तो शब्द लावू नये. राज्याला ‘धर्मनिरपेक्ष’. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनंतर उद्देशिकेच्या मराठी पाठात हाच शब्द आहे. हिंदी पाठात मात्र ‘पंथनिरपेक्ष’ आहे, त्यामुळे हिंदीवरून उचललेल्या मजकुरात तो घुसतो. विचारसरणीला ‘इहवादी’. समाजावरची धर्माची पकड सैल होण्याच्या प्रक्रियेला ‘इहवादीकरण’ चालतं, शब्द जरा बोजड आहे खरा.

फ्रान्सला नुसतं ‘धर्मनिरपेक्ष’ म्हणूनही पुरत नाही, १९०५ चा विभक्तीकरणाचा कायदा सांगावा लागतो. आणि त्याला अपवाद : फ्रान्सच्या पूर्वेकडच्या आल्सास-मोझेलमध्ये आजही पाद्री आणि रब्बी यांचा पगार सरकार देतं, कारण १९०५ साली तो भाग जर्मनीकडे होता.

उंबरा :
आंबेडकरी लेखनातून काही घेणार असाल तर ‘धम्म’ हा शब्द बदलू नका. बाबासाहेबांनी रिलिजन आणि धम्म यांत मुद्दाम फरक केला : रिलिजन व्यक्तिगत, धम्म सामाजिक. नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ ला झालं त्याला धर्मांतर आणि धम्मदीक्षा दोन्ही म्हणतात. पहिला शब्द सोडण्यावर भर देतो, दुसरा घेण्यावर.

वेलांटी :
राहिलं वाक्य १. जपानी ‘शूक्यो’ हा शब्द ‘रिलिजन’चा प्रतिशब्द म्हणून मेजी काळात (१८६८-१९१२) पक्का झाला. पाश्चात्त्य देशांशी तह करताना ‘रिलिजन’ला काहीतरी म्हणणं भाग होतं. आज सामान्य जपानी माणूस ‘शूक्यो’ म्हटलं की संघटना, प्रचार, सभासदत्व असं समजतो आणि ‘माझा नाही’ म्हणतो. तोच नववर्षाला शिंतो देवस्थानी जातो, ओबोनला पूर्वजांचं करतो आणि अंत्यविधीला बौद्ध भिक्षू बोलावतो. सरकारी आकडेवारीत शिंतो आणि बौद्ध अनुयायांची बेरीज देशाच्या लोकसंख्येच्या वर जाते, कारण देवस्थानं आपल्या हद्दीतली माणसं मोजतात आणि विहारं आपली घराणी. वाक्य असं करा : ‘बहुसंख्य जपानी लोक स्वतःला कोणत्याही एका धर्माचे अनुयायी म्हणवत नाहीत.’

आणि मथळा : ‘पौर्वात्य-पाश्चात्त्य’ ठेवलंत तर कोकणातले बेने इस्राएल ज्यू, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’, कुठे घालणार? उगमावरून ‘अब्राहमी परंपरा’ (ज्यू, ख्रिस्ती, इस्लाम), ‘भारतीय उगमाचे धर्म’ आणि ‘चिनी-जपानी परंपरा’ असे तीन गट केलेत तर निम्मे खडे आपोआप निघतील.

तळटीप :
शेवटचं एक. लेखाच्या परिशिष्टात जर्मनीतल्या रहिवासी-नोंदणीचा अर्ज आहे, त्यात ‘रेलिगिओन’ असा रकाना आहे. त्याखाली ‘धर्म’ लिहावं का?

उंबरा :
लिहाल तर वाचणाऱ्याचा खिसा कापला जाईल. तो रकाना श्रद्धेबद्दल विचारत नाही, कर वसूल करण्याचा अधिकार असलेल्या धर्मसंस्थेच्या सभासदत्वाबद्दल विचारतो. चर्चकर प्राप्तिकराच्या ९ टक्के असतो, बायर्न आणि बाडेन-व्युर्टेमबर्ग या दोन राज्यांत ८ टक्के. प्राप्तिकर ६,००० युरो असेल तर वर आणखी ५४० किंवा ४८०. वसईत बाप्तिस्मा झालेला कॅथलिकही त्यात धरला जातो, हिंदूला हा कर लागत नाही. बाहेर पडायचं तर राज्यानुसार स्थानिक न्यायालयात किंवा नागरी नोंदणी कार्यालयात जाऊन तसं जाहीर करावं लागतं. रकान्याचं मराठी ‘कर आकारणाऱ्या धर्मसंस्थेचे सभासदत्व (असल्यास)’ असं करा.