विषय: हॉटेल ब्लॉक, शुक्रवारच्या आत (आणि शहराच्या पत्रातला आकडा)

प्रेषक: कोषाध्यक्ष
मंडळी, हॉटेलचा परत मेल आलाय. अधिवेशनाच्या पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या खोल्यांचा ब्लॉक ८० टक्के भरला नाही तर उरलेल्या खोल्यांचं भाडं मंडळाच्या खात्यातून जाणार. करारातच आहे. अजून निम्म्याही गेलेल्या नाहीत. पाहुण्यांना आपल्या लिंकवरूनच बुकिंग करायला सांगा. दुसऱ्या साइटवरून घेतलेली खोली आपल्या हिशोबात धरत नाहीत.
दुसरं, अधिवेशनाने सॅन होजेला किती फायदा होईल हे शहराला द्यायच्या पत्रात लिहायचंय. मसुद्यात सगळी तिकिटं गुणिले रोजचा खर्च असं धरलंय. हरकत असेल तर आजच कळवा.

उत्तर: काकू, फ्रीमाँट
माझ्याकडे डॅलसहून नणंद येतेय सहकुटुंब. तिला हॉटेलात उतर असं मी कुठल्या तोंडाने सांगू? कार्यक्रम तर निमित्त, रात्रीच्या गप्पांसाठी येतात माणसं. पार्किंगचं कोण बघतंय?

उत्तर: स्मरणिकेवाले दादा
आकड्याला माझी ठाम हरकत आहे. काकूंकडे उतरणाऱ्यांमुळे शहराला हॉटेलचा कर मिळत नाही. सॅन होजेत खोलीच्या भाड्यावर १० टक्के कर आणि वर कन्व्हेन्शन सेंटरसाठी ४ टक्के. शहराच्या तिजोरीत थेट पडतं ते मुख्यतः हेच. सनीव्हेल-क्युपर्टिनोचे आपण लोक शनिवारी एरवीही बाहेर जेवतोच. तेच पैसे एका रेस्टॉरंटातून दुसऱ्यात गेले तर त्याला नवी कमाई कशी म्हणायची? बाहेरून येऊन इथे मुक्काम करणारेच धरा.
२०१९ च्या शेवटी ओरॅकल कंपनीने आपली ओपनवर्ल्ड ही मोठी परिषद सॅन फ्रान्सिस्कोहून लास वेगासला हलवायचं ठरवलं. शहराच्या पर्यटन संस्थेने सुमारे ६.४ कोटी डॉलरचा फटका सांगितला. महागडे हॉटेलदर हे एक कारण होतंच. म्हणजे मोठी परिषद आली की भाव चढतात आणि तेच भाव पुढे परिषदेला पळवून लावतात. आपल्या ब्लॉकचंही दुखणं तेच, दर कमी करून मागा.

उत्तर: वहिनी, सनीव्हेल
दादांशी सहमत. पण त्याच पत्रात ‘हरित अधिवेशन’ असंही लिहिलंय आणि पुरावा म्हणून फक्त कंपोस्ट होणाऱ्या प्लेट्स. खरा बोजा विमानांचा असतो. २०१९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत अमेरिकन जिओफिजिकल युनियन या भूशास्त्रज्ञांच्या संघटनेची परिषद झाली, साधारण २८,००० माणसं. जाण्यायेण्याचा प्रवास २८.५ कोटी किलोमीटर, त्यातून सुमारे ८०,००० टन कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन, म्हणजे माणशी जवळपास ३ टन. त्यापुढे प्लेट कसली! निदान सॅक्रमेंटोच्या मंडळींना कॅपिटॉल कॉरिडॉर रेल्वेने बोलवू या. डिरिडॉन स्टेशनला उतरून लाइट रेल घेतली की कन्व्हेन्शन सेंटर. वेळापत्रक मी बनवून देते.

उत्तर: भोजन समिती
प्लेटला क्षुल्लक म्हणू नका. आणि भोजनाचे निर्णय भोजन समितीत होऊ द्या, लिस्टवर नको. विमानं आपण थांबवू शकत नाही, पातेलं आपल्या हातात आहे. एसबी १३८३ या कॅलिफोर्नियाच्या कचरा कमी करण्याच्या कायद्याखाली २०२४ पासून, दिवसाला सरासरी २,००० च्या वर माणसं येणाऱ्या तिकिटाच्या मोठ्या कार्यक्रमांना उरलेलं चांगलं अन्न दान करावंच लागतं. गणपतीत काय झालं ते आठवा. मसालेभात खोल पातेल्यात तसाच राहिला. अन्न न्यायला आलेल्या बाईंनी झाकण काढून मधोमध थर्मामीटर खुपसला, मान हलवली आणि रिकाम्या गाडीने गेल्या. गरम अन्न १३५ अंश फॅरनहाइटच्या वर, गार ४१ च्या खाली, अधलंमधलं चालत नाही. या वेळी भात उथळ ट्रेमध्येच काढायचा आणि दर तासाला तापमान लिहायचं. त्यासाठी चार माणसं हवीत. नावं मला वेगळी पाठवा.

उत्तर: कोषाध्यक्ष
ठीक. पत्रात फक्त बाहेरचे मुक्कामी पाहुणे आणि त्यांच्या खोल्यांचा कर. ‘हरित’ शब्द काढला. त्याजागी रेल्वेची सोय आणि अन्नदान लिहितो. दराचं उद्या हॉटेलशी बोलतो, पण दर उतरेपर्यंत बुकिंग थांबवू नका. शुक्रवारी पाचला लिंक बंद होते.

उत्तर: काकू, फ्रीमाँट
नणंदेशी बोलले. ती आणि तिचे मिस्टर माझ्याकडेच, मुलांसाठी दोन खोल्या घेतोय. लिंक तीन रात्रींचीच आहे, दोन रात्री चालतील का?