सेक्रेटरी म्हणजे सचिव की मंत्री?

तापीकाठ: आमच्या फार्मसी कॉलेजच्या वार्षिकांकासाठी अ‍ॅलेक्स अझार यांच्यावरचा लेख मराठीत करतेय. २००१ पासून अमेरिकेच्या आरोग्य खात्यात, २००७ साली एली लिली या औषध कंपनीत, २०१२ ते २०१७ कंपनीच्या अमेरिकेतल्या व्यवसायाचे अध्यक्ष, आणि जानेवारी २०१८ मध्ये त्याच आरोग्य खात्याचे प्रमुख. मी 'आरोग्यमंत्री' लिहिलं. सरांनी खोडून 'आरोग्य सचिव' केलं, मूळ शब्द सेक्रेटरी आहे म्हणून. तुम्ही काय लिहाल?

गिरणेचं पाणी: मंत्रीच! आपल्याकडे सचिव म्हणजे मंत्रालयातला आयएएस, सरकार बदललं तरी राहणारा. अझारना राष्ट्राध्यक्षांनी निवडलं, सिनेटनं ५५ विरुद्ध ४३ मतांनी मान्यता दिली. सचिव छापलंत तर वाचणाऱ्याला वाटेल, कंपनीतला माणूस सरकारी नोकरीत लागला. अख्खं खातं त्याच्या हाती गेलं हे त्याला कळणारच नाही.

रावेरकर: मंत्रीही पुरतं बसत नाही. आपल्याकडे मंत्र्याला सहा महिन्यांत कुठल्यातरी सभागृहात निवडून यावं लागतं. तिथे उलट, काँग्रेसचा, म्हणजे त्यांच्या संसदेचा, सदस्य मंत्रिमंडळात बसूच शकत नाही. आणि आमच्या गावात सेक्रेटरी म्हणजे विकास सोसायटीचा गटसचिव. पीककर्जाच्या दिवसांत आजी ओट्यावरून रोज विचारायची, "सेक्रेटरी उना का?" त्यामुळे सेक्रेटरी हाच शब्द राहू द्या, लोकांचा आहे.

जुनी मोडी: लोकांचा आहे म्हणून नेमकेपणा सोडायचा? संस्कृतात सचिव म्हणजे सोबती, सल्ला देणारा, आणि मंत्रीसुद्धा. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत सुरनीस झाला सचिव, वाकनीस झाला मंत्री. दोघेही प्रधानच. सरांचा शब्द मुळात चुकीचा नाही.

गिरणेचं पाणी: सुरनीस आज जळगावात कोण आहे, सांगा. शब्दाचा अर्थ आजच्या वाचकाच्या डोक्यात असतो तोच.

जुनी मोडी: मग शब्दकोश कशाला ठेवायचे? अर्थ घसरत गेला की भाषाही घसरते.

पांझराकाठची: माझ्या आईला रोज इन्सुलिन लागतं, म्हणून मी हा विषय मनापासून वाचते. अझार अध्यक्ष होते त्या काळात लिलीच्या ह्युमलॉग इन्सुलिनची छापील किंमत दुपटीहून वर गेली. पुढे औषधांचे भाव उतरवायची जबाबदारी ज्या खात्यावर, ते त्यांच्याकडेच आलं. लेखात हे ठळक यायलाच हवं. सचिव-मंत्री नंतर बघा.

मेडिकल गल्ली: ताई, 'छापील किंमत' नका लिहू. आपल्याकडे ती खोक्यावर असते, एमआरपी, तिच्यावर एक रुपया घेता येत नाही. तिकडची लिस्ट प्राइस म्हणजे कंपनीनं घाऊक विक्रेत्यांसाठी जाहीर केलेला भाव. मधल्या दलाल कंपन्या त्यातून मोठी सूट घेतात. ज्याचा विमा नाही त्याला मात्र तो सगळा भाव भरावा लागतो.

तापीकाठ: मग 'जाहीर दर' चालेल?

रावेरकर: चालेल, पण 'बोर्डभाव' जास्त नेमका. केळीचा भाव बोर्डावर लागतो एक, व्यापारी बागेत येऊन देतो त्याहून कमी. खान्देशातल्या पोराला वेगळं समजवावं लागणार नाही.

जुनी मोडी: बोर्ड इंग्रजी. 'फलकभाव' म्हणा.

पांझराकाठची: फलकभाव कोणीच म्हणत नाही हो! आणि केळीला कमी देतात तो शेतकऱ्याला, इन्सुलिनला जास्त पडतं ते रुग्णाला. दिशाच उलटी आहे. माझ्या आईला 'बोर्डभाव' वाचून स्वस्ताई झाल्यासारखं वाटेल.

मेडिकल गल्ली: हे बरोबर. 'कंपनीचा जाहीर भाव' असं तीन शब्दांत लिहा.

रावेरकर: मी बोर्डभाववरच आहे.