सत्तरच्या दशकातल्या सोलची रीमिक्स: एक काळजात जातं, दुसरं डोक्यात जातं. असं का?

रविवारची_दुपार

मंडळी, बरेच दिवस एक प्रश्न मनात घोळतोय. इथे जाणकार आहेत म्हणून विचारते. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

१९९१ साली मी शिकायला फिलाडेल्फियाला गेले. वेस्ट फिलीत एका बाईंच्या घरात वरच्या मजल्यावर खोली मिळाली. बाई नर्सच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहायच्या. रविवारी चर्चमधून आल्या की टोपी काढून पियानोवर ठेवायच्या आणि रेकॉर्ड लावायच्या. मी जिन्याच्या पायरीवर पुस्तक घेऊन बसायचे. पान काही उलटलं जायचं नाही.

त्यांचं लाडकं गाणं म्हणजे हॅरल्ड मेल्विन अँड द ब्लू नोट्सचं १९७३ चं 'द लव्ह आय लॉस्ट'. त्यांच्याकडे त्याची छोटी, पंचेचाळीसची (मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्या घेणारी) तबकडी होती. तीवर गाणं दोन तुकड्यांत होतं: एका बाजूला भाग १, पाठीमागे भाग २. त्यांचा गायक टेडी पेंडरग्रास ऐन रंगात आलेला असायचा आणि तिथेच आवाज मावळत जायचा. मग बाईंच्या सपाता वाजायच्या, तबकडी उलटायची, सुई टेकल्याची खरखर यायची आणि गाणं पुन्हा उभं राहायचं. मधल्या त्या दहा-बारा सेकंदांत बाई चकार शब्द काढायच्या नाहीत. मीही नाही. ती शांतता मला त्या गाण्याचाच भाग वाटत आली आहे.

आता माझी लेक तेवीस वर्षांची आहे. गेलं वर्षभर तिच्या फोनवर सत्तरच्या दशकातला सोलच (कृष्णवर्णीय अमेरिकनांचं, चर्चच्या गाण्यातून आलेलं संगीत) वाजतोय, पण बहुतेक रीमिक्स, म्हणजे जुनं ध्वनिमुद्रण घेऊन नव्याने बांधलेलं. एका संध्याकाळी माझं तेच गाणं लागलं. खाली कोणीतरी जाडजूड नवा ठोका घातलेला, टेडीच्या एकाच ओळीचा तुकडा सात-आठ वेळा फिरवलेला, आणि त्याचा श्वास, ज्याच्यासाठी मी ते गाणं ऐकते, तो कापून टाकलेला. मी इतकी चिडले की लेक घाबरलीच.

पण त्याच आठवड्यात तिने फिलीचंच दुसरं एक जुनं गाणं लावलं, तेही रीमिक्स. मध्येच ड्रम, बास, आवाज, सगळं बाजूला झालं आणि नुसती व्हायोलिनं राहिली. ते गाणं मी तीस वर्षं ऐकतेय, पण ती व्हायोलिनं अशी कधी ऐकू आली नव्हती. डोळे भरून आले.

हा फरक नेमका कशाचा? की मी फक्त जुन्याला चिकटून बसलेय? आणि ही गाणी आत्ताच पुन्हा इतकी का वाजायला लागली?

---

तबकडी_३३

ताई, फार सुंदर लिहिलंत. तुमच्या बाई सपाता वाजवत तबकडी उलटायच्या ना, उत्तराची सुरुवात तिथूनच करतो.

'मूळ गाणं अखंड होतं, नंतरच्या लोकांनी रीमिक्स करून मोडलं' असं आपण धरून चालतो. या संगीताच्या बाबतीत बरेचदा उलट घडलंय. स्टुडिओत वादक लांबलचक वाजवत. पंचेचाळीसच्या तबकडीत ते मावत नसे. एका बाजूला वेळ वाढवायचा तर खाचा एकमेकींना चिकटवाव्या लागतात, मग आवाजही बारीक होतो आणि बासही. रेडिओला तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं हवं असे, ते वेगळंच. म्हणून 'द लव्ह आय लॉस्ट' दोन बाजूंना वाटलं गेलं. एलपीवर, म्हणजे अल्बमच्या मोठ्या तबकडीवर, तेच गाणं सहा मिनिटांहून जास्त, सलग आहे. म्हणजे तुमच्या हातात आलेलं 'मूळ' हेच मुळात कापलेलं होतं.

ही कापाकापी उसवायचं काम त्याच काळात सुरू झालं. टॉम मॉल्टन हा त्यातला मोठा माणूस. न्यूयॉर्कजवळच्या फायर आयलंडवरच्या एका नाचघरासाठी तो टेपा तयार करायचा. लोक रंगात येतात आणि नेमकं तेव्हाच गाणं संपतं, हे त्याला खुपायचं. म्हणून तो गाणी लांबवू लागला, एकातून दुसऱ्यात अलगद नेऊ लागला. बारा इंची सिंगलचा जन्मही त्याच्याच हातून, आणि तोही अडचणीतून: चाचणीची प्रत कापायला स्टुडिओत लहान कोऱ्या तबकड्या शिल्लक नव्हत्या, म्हणून मोठीवर कापली. खाचांना ऐसपैस जागा मिळाली आणि बास असा काही उठला की मागे फिरणं नाही.

१९७६ मध्ये सॅलसोल कंपनीने डबल एक्सपोजरचं 'टेन परसेंट' बारा इंची तबकडीवर दुकानात आणलं. बाजारात विकली गेलेली ही पहिली बारा इंची सिंगल. साधारण तीन मिनिटांच्या गाण्याचं वॉल्टर गिबन्सने नऊ मिनिटांहून मोठं केलं होतं. गिबन्स कोण? क्लबात रेकॉर्डी लावणारा पोरगा. पुढच्या वर्षी मॉल्टनने तुमच्या गाण्याच्याच कंपनीची, फिलाडेल्फिया इंटरनॅशनलची, गाणी नव्याने मिसळून 'फिलाडेल्फिया क्लासिक्स' हा अल्बम केला. त्यातलं एमएफएसबीचं (त्या कंपनीच्या स्टुडिओतल्या वादकांचा ताफा) 'लव्ह इज द मेसेज' अकरा मिनिटांच्या पुढे जातं. ताई, तो आधी ऐका. सत्तरच्या दशकातलंच रीमिक्स आहे ते, आणि वादकांवर जीव असलेल्या माणसाने केलेलं.

आत्ताच का, याचं एक कारण ड्रमर अर्ल यंग. तुमच्याच गाण्यात ऐका: किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) प्रत्येक मात्रेवर, आणि वर हाय-हॅटची, म्हणजे पायाने उघडमीट होणाऱ्या झांजांची, ती सळसळ, उघड-मीट, उघड-मीट. गाणं आधी संथ चालीत बसवायचं ठरलं होतं, वाजवताना ते धावायला लागलं. डिस्को त्या चालीवर उभं राहिलं, पुढे हाउस हे क्लबांतलं नाचाचं संगीतही. आजच्या डीजेला हे गाणं शेजारच्या नव्या गाण्याला जोडायला फार खटपट करावीच लागत नाही.

---

खर्ज

मी ध्वनिमुद्रणातला माणूस. बरीच वर्षं जुन्या टेपा संगणकात उतरवून घेण्याचं काम केलं. तुम्हाला राग का आला आणि डोळे का भरले, ते मला पुरतं कळलं.

'रीमिक्स' या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी खपतात. तयार रेकॉर्ड घेऊन तिचे तुकडे मागेपुढे करायचे, ते एडिट. मूळ मल्टिट्रॅक टेप मिळवायची, म्हणजे दोन इंच रुंद टेप, जिच्यावर प्रत्येक वाद्य आपापल्या पट्टीत वेगळं बसलेलं असतं, आणि त्यातून पुन्हा मिसळायचं, ते खरं रीमिक्स. तिसरी तऱ्हा अलीकडची. तयार रेकॉर्डमधून संगणकच आवाज, ड्रम, बास वेगळे ओढून काढतो. २०१९ मध्ये डीझर कंपनीने स्प्लीटर नावाचं असं सॉफ्टवेअर सगळ्यांना फुकट खुलं केलं, आणि तेव्हापासून घरबसल्या कोणालाही हे जमतं. आत्ता ही गाणी एवढी का दिसतात, त्यातला मोठा वाटा याचा.

तुमची व्हायोलिनं बहुधा मल्टिट्रॅकवरून आलेली. टेडीचा कापलेला श्वास बहुधा तिसऱ्या प्रकारातला. ओढून काढलेला आवाज नीट ऐका, शब्दाची शेपूट गिळलेली असते आणि झांजा पाण्याखाली वाजल्यासारख्या. त्यातून हे वादक मेट्रोनोमवर, म्हणजे ठोके मोजणाऱ्या यंत्रावर, वाजवत नव्हते. धृपद आलं की तीसेक माणसांचा जथा केसभर पुढे सरकायचा, कडव्यात मागे रेलायचा. घाईत काम उरकणारा ते सगळं घड्याळाच्या आखणीवर ठोकून सपाट करतो. मग गायक ओढत नेल्यासारखा वाटतो. तुम्हाला खटकलं ते हेच असणार.

एक प्रसंग सांगतो. सत्तरच्या दशकाच्या मध्यातली एक टेप आली होती, कोणाची ते सांगता येत नाही. त्या काळच्या बऱ्याच टेपांचा चिकटा वर्षानुवर्षं हवेतला ओलावा पितो. यंत्रावर लावली की टेप किंचाळते आणि तपकिरी चिखल हेडवर सोडते. त्या चिखलात गाणंच असतं, ते पुसून काढायचं म्हणजे गाणंच पुसायचं. म्हणून आधी ती चोपन्न अंशांच्या आसपास आठ तासांहून जास्त भाजावी लागते. मग थोडे दिवस नीट चालते, तेवढ्यात उतरवून घ्यायची.

भाजली, थंड केली, लावली. बासची एकटी पट्टी उघडली. गाणं सुरू व्हायच्या आधी खुर्ची करकरली, कोणीतरी घसा साफ केला, हलक्या आवाजात चार मोजले. मग बास. तिसऱ्या कडव्यात त्याच्याकडून एक सूर निसटतो, आणि पुढच्याच मात्रेवर तो त्याच चुकीतून एक नवी उतरण काढतो. रेकॉर्डवर ती जागा हॉर्नखाली पूर्ण दबलेली. मी ती एकटीच सहा वेळा लावली. पन्नास वर्षं त्या माणसाची ती करामत कोणी ऐकलीच नव्हती.

जो रीमिक्सवाला अशी जागा सापडल्यावर बाकीचे फेडर (आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या कळा) खाली ओढून तिला वाट करून देतो, तो माझा. जॉन मोरालेस, दिमित्री फ्रॉम पॅरिस, डेव्ह ली यांची कामं ऐका. मूळ टेपा मिळवून, वाद्यांना धक्का न लावता केलेली आहेत. डेव्ह लीचं 'रीमिक्स्ड विथ लव्ह' २०१३ पासून निघतंय.

(फिलीत राहिलात म्हणून सांगतो: ही फिलीची गाणी जिथे मुद्रित झाली, त्या जो टार्सियाच्या सिग्मा साउंड स्टुडिओच्या हजारो टेपा पुढे तिथल्याच ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहाला दिल्या गेल्या. टाकून दिल्या नाहीत, हे मला फार मोलाचं वाटतं.)

---

उशिरा_आलेला

मी तुमच्या लेकीच्या वयाचा, म्हणून तिच्या बाजूने दोन शब्द.

मला सोल गायक बिल विदर्स रीमिक्समधूनच भेटले. 'लव्हली डे'च्या शेवटाकडे एक सूर येतो, लांबच लांब. मला वाटलं डीजेनेच संगणकावर ताणलाय. पुढे १९७७ चं मूळ गाणं काढून ऐकलं. तो सूर त्यांनी खरोखर धरलाय, अठरा सेकंद. मी घड्याळ लावून मोजले आणि रात्री दोन वाजता एकटाच उभा राहून टाळ्या वाजवल्या. त्यानंतर त्यांचं सगळं ऐकत गेलो. त्याच गाण्याचं बेन लिब्रांडने केलेलं 'सनशाइन मिक्स' १९८८ मध्ये ब्रिटनमध्ये चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं होतं, म्हणजे माझ्या जन्माच्या आधीही लोक याच दाराने आत येत होते. ताई, लेकीवर रागावू नका. ती दारात उभी आहे, तिला आत बोलवा.

---

कोमल_निषाद

सगळं पटलं, पण एक गोष्ट कोणी काढली नाही. पैसे आणि नाव.

लोलीआटा हॉलोवे सॅलसोलची गायिका. १९८० च्या तिच्या गाण्यातला आवाज उचलून १९८९ मध्ये ब्लॅक बॉक्सचं 'राइड ऑन टाइम' निघालं. युरोपभर गाजलं. तबकडीवर तिचं नाव नव्हतं आणि पडद्यावर एक मॉडेल तिच्या आवाजावर ओठ हलवत होती. भरपाई मिळाली ती नंतर, भांडून. तो आवाज एकदा ऐका आणि सांगा, दुसऱ्या कोणाच्या तोंडात तो शोभतो का.

वादकांचं तर त्याहून वाईट. सिग्मामधली मंडळी बहुतेक ठरावीक मेहनतान्यावर वाजवायची. पैशांवरून खटके उडाले, तेव्हा व्हिन्सेंट मोंटानांसह त्यांच्यातले बरेच जण सॅलसोलकडे गेले. आज एखादं रीमिक्स गाजलं की मास्टरच्या, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणाच्या, मालकाला पैसे जातात, गीतकार-संगीतकाराला जातात. खर्ज यांनी सांगितलेली ती बासची उतरण ज्याची, त्याच्या घरी काय जातं? निदान रॉनी बेकर, नॉर्मन हॅरिस, अर्ल यंग, लॅरी वॉशिंग्टन ही नावं तरी छापा. जे रीमिक्सवाले वादकांची यादी देतात त्यांचंच मी विकत घेते. बाकीच्यांचं नाही, कितीही गोड वाजू दे.

---

रविवारची_दुपार

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन दिवस हेच चाललंय घरात.

तबकडी, एलपीवरचं सलग गाणं लेकीने शोधून दिलं. सहा मिनिटं मी डोळे मिटून बसले. जिथे सपाता वाजायच्या तिथे अर्ल यंग वाजवतच होते, थांबलेच नव्हते. एवढी वर्षं मला ते माहीत नव्हतं. कोमल, तुम्ही दिलेली नावं लिहून घेतलीत आणि लेकीलाही दिलीत. खर्ज, तुमचं वाचल्यावर लेकीने तिची ती दोन्ही रीमिक्स हेडफोनवर पुन्हा ऐकली आणि झांजा पाण्याखालच्या कोणत्या ते मी न सांगता ओळखलं. 'लव्ह इज द मेसेज'ची अकरा मिनिटं मात्र आम्ही दोघींनी एकत्र ऐकली, बोललो नाही.

बाई गेल्या तेव्हा त्यांच्या पुतणीने ती छोटी तबकडी मला पाठवली होती, पुठ्ठ्यात बांधून. या रविवारी मी ती कपाटातून काढली. भाग १ मावळला. मी उठले नाही, लेकीकडे नुसतं बघितलं. तिने आयुष्यात कधी तबकडी उलटली नव्हती. दोन्ही तळव्यांत कडेने धरली, उलटली, सुई टेकवली. जरा पुढे टेकली, भाग २ ची सुरुवात गेली. तिने पुन्हा उचलली आणि अगदी काठावरून लावली.