बेंटनची युद्धचित्रं: चित्रं म्हणायची की पोस्टर?

रंगारी: थॉमस हार्ट बेंटन, अमेरिकन चित्रकार, मिझुरीचा, आयुष्यभर शेतं, खेचरं, आगगाड्या आणि गावाकडची माणसं रंगवली, पुढे अमूर्त चित्रांनी गाजलेला जॅक्सन पोलॉक याचाच विद्यार्थी. डिसेंबर १९४१ला जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला, हा भाषणांचा दौरा टाकून कॅन्सस सिटीला घरी आला आणि दीडेक महिन्यात ‘इयर ऑफ पेरिल’ (संकटाचं वर्ष) या सिरीजची चित्रं काढून मोकळा. ‘अगेन’ बघा, येशू क्रूसावर, वरून जर्मन विमान गोळ्या झाडतंय, खाली तिघं मिळून कुशीत भाला खुपसतायत. एवढं ओरडून सांगायची गरज होती का राव? मला तरी ही सिरीज बघवत नाही.

बांधावरचा: बघवू नये म्हणूनच काढलीय की! मिडवेस्टात, म्हणजे अमेरिकेच्या मधल्या राज्यांत, तेव्हा कित्येकांना वाटत होतं युरोपातलं युद्ध आपल्याला काय करायचंय. आणि ‘द सोअर्स’ नीट बघा, पेरणी करणारा राक्षस, पण मुठीतून बी नाही, कवट्या पडतायत. हे शेतकरी रंगवणाऱ्यालाच सुचणार, गॅलरीवाल्याला नाही.

रंगारी: सोअर्स भारीच, मान्य. पण ‘एक्सटर्मिनेट!’चं काय? नावच ‘समूळ संपवा’. त्यातला जपानी बघा, माणूस ठेवलेलाच नाही त्यात. आणि त्याच सुमारास, १९ फेब्रुवारी १९४२ला, रूझवेल्टने ९०६६ नंबरच्या आदेशावर सही केली, पुढे जपानी वंशाची सुमारे १,२०,००० माणसं छावण्यांत, बहुतेक अमेरिकेचेच नागरिक.

बांधावरचा: तो आदेश काय बेंटनने काढला? हिटलरलाही त्याने कुठे देखणा केलाय.

रंगारी: आदेश नाही काढला, पण हवा तीच ना. आणि जर्मन आडनावाची माणसं सरसकट नाही उचलली कुणी, हा फरक चित्रापुरता राहत नाही.

चहाटळ: मधेच नाक खुपसतो. ही सिरीज विकत घेतली ॲबट लॅबोरेटरीजने, म्हणजे औषध कंपनीने, आणि सरकारमार्फत तिच्या लाखो प्रती वाटल्या. कडू डोस, वर फुकट 😄

बांधावरचा: हसा हसा. पण ‘एम्बार्केशन’ बघितलंय का कुणी? रात्रीची बोट, सामान पाठीवर घेऊन चढणारी पोरं, राक्षस नाही, रक्त नाही, फक्त नावात पुढे ‘प्रिल्यूड टू डेथ’, म्हणजे मरणाची नांदी. ह्याला पण पोस्टरच म्हणणार?

रंगारी: नाही. ते एक मी घरात लावेन.

बांधावरचा: मग सोअर्स?

रंगारी: ते लावलं तर बायको मला बाहेर काढेल.